गुराब की गलबत? धरणगावच्या वखारीपासून खांदेरीच्या समुद्रापर्यंत



पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. विषय शिडाच्या होड्यांचा आहे. "भाऊ, आपला अन् समुद्रना काय संबंध शे?" असं कमेंटमध्ये कोणी टाकण्याआधीच सांगतो. संबंध आहे, आणि तो साडेतीनशे वर्षांचा आहे.

धरणगावचा इतिहास सांगायला बसलो की आपली गाडी बहुतेक १८२५ पासून सुरू होते. आउट्रम साहेब, भिल्ल पलटण, ही नावं शाळेतल्या पोरालाही माहीत आहेत. पण त्याच्या आधी दीडशे वर्षं या गावाचं नाव सुरतेच्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या कागदांत लिहिलं जात होतं, ते आपण फारसं बोलत नाही. तेव्हा धरणगाव ही कापडाची मोठी पेठ होती. इथलं सुती कापड विकत घ्यायचं, बैलांच्या पाठीवर लादून सुरतेला न्यायचं आणि तिथून जहाजात भरायचं, असा धंदा. आज आपण भुसावळ-सुरत गाडीत बसतो ना, साधारण त्याच दिशेने तो माल जायचा. १६७४ मध्ये इंग्रजांनी इथे वखार घातली. वखार म्हणजे नुसतं गोदाम नव्हे. तिथे कंपनीचे माणसं राहायचे, विणकरांना आगाऊ पैसे द्यायचे, माल तपासून बांधायचे.

पुढच्याच वर्षी, १६७५ मध्ये, शिवाजी महाराजांच्या फौजेने धरणगाव लुटलं. वखारही त्यात गेली. इंग्रजांनी नुकसानभरपाईसाठी महाराजांकडे बरेच दिवस तगादा लावला. आणि १६७९ मध्ये धरणगाव पुन्हा लुटलं गेलं.

इथे एक मिनिट थांबतो. शिवजयंतीला आपण मनापासून जयजयकार करतो, आणि आपल्याच गावची पेठ दोनदा लुटली गेली हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने सांगता आल्या पाहिजेत. तेव्हा खानदेश हा मोगलांचा सुभा होता. इथला महसूल बुऱ्हाणपूर-औरंगाबादकडे जायचा आणि त्यातूनच स्वराज्यावर फौजा यायच्या. शत्रूच्या मुलखातली श्रीमंत पेठ मारायची, हा त्या काळच्या लढाईचाच भाग होता. महाराजांसाठी तो राज्य चालवायचा खर्च होता. ज्या विणकराच्या मागावरचं कापड गेलं त्याच्यासाठी ते वर्ष वाईट होतं. त्याचं नावही कुठल्या कागदात नाही.

मग प्रश्न येतो, अशा मोहिमांतून आलेला पैसा कुठे खर्च झाला? धरणगावचा कुठला रुपया कुठल्या कामाला लागला हे कोणी सांगू शकणार नाही, तसा दावा मी करत नाही. पण राज्याच्या खर्चाच्या मोठ्या बाबी माहीत आहेत. किल्ले, घोडदळ आणि तिसरी बाब आरमार. ज्या १६७९ साली धरणगाव दुसऱ्यांदा लुटलं गेलं, त्याच साली तिकडे मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर मराठ्यांच्या होड्या आणि इंग्रजांची जहाजं समोरासमोर आली. शत्रू तोच, ज्याची वखार आपल्या गावात होती. म्हणून ही गोष्ट धरणगावच्या माणसाने समजून घ्यायची.

आणि समजून घ्यायची ती एका प्रश्नासाठी. समुद्र नवा, पैसा मोजका, समोर इंग्रज, पोर्तुगीज आणि जंजिऱ्याचा सिद्दी असे तीन मुरलेले गडी. अशा वेळी राज्याने कोणती होडी बांधायची? सगळ्यात मोठी? सगळ्यात वेगवान? की आणखी कोणती?

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी महाराजांच्या ताब्यात आली आणि तिथल्या खाडीत जहाजबांधणी सुरू झाली. बांधल्या त्यात अनेक जाती होत्या, पण आरमाराचा कणा झाल्या त्या दोन. गुराब आणि गलबत. नावं आपण पुस्तकात वाचतो आणि पुढे जातो, दोन्हींत फरक काय ते कोणी सांगत नाही. रॉबर्ट ऑर्म नावाच्या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात या दोन्हींचं बारीक वर्णन लिहून ठेवलं आहे. ते आंग्र्यांच्या काळातलं, म्हणजे शिवकाळानंतरचं आहे, पण होडीची जात तीच.

आधी गुराब. नाव अरबी, मूळ अर्थ डोमकावळा. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांपर्यंत. लांबीच्या मानाने रुंद, पण पुढे निमुळती होत गेलेली, आणि नाळ चोचीसारखी लांब बाहेर आलेली. साध्या जहाजाची नाळ बाजूंनी बंद असते. गुराबेची मात्र उघडी ठेवलेली. समोरून लाट आली की नाळ पाण्यात बुडायची, जहाज चांगलंच डुलायचं, पण अंगावर आलेलं पाणी न साचता दोन्ही बाजूंनी वाहून जायचं. त्या चोचीच्या मागे एक लाकडी आडवी भिंत आणि भिंतीला भोकं पाडून दोन मोठ्या तोफा, नऊ ते बारा पौंडांचा गोळा फेकणाऱ्या, तोंड थेट पुढे. कडेला सहा ते नऊ पौंडी तोफा.

यातलं 'तोंड पुढे' हे महत्त्वाचं. युरोपी जहाजाची ताकद त्याच्या कुशीत असायची. सगळ्या तोफा बाजूला, म्हणजे मारा करायचा तर आधी जहाज आडवं करावं लागतं. गुराब शत्रूचा पाठलाग करता करता, नाक त्याच्याकडे ठेवून गोळे टाकू शकायची.

आता गलबत. बांधणी गुराबेसारखीच, पण लहान. सत्तर टनांच्या वर क्वचितच. डोलकाठ्या दोन, त्यातली मागची किरकोळ. पुढच्या मोठ्या डोलकाठीला एकच प्रचंड तिकोनी शीड, आणि त्या शिडाचं टोक डोलकाठीच्याही वर गेलेलं. पुष्कळ गलबतांना पक्की पाटणीसुद्धा नसायची, चिरलेल्या बांबूंची असायची, वजन वाचावं म्हणून. वर फिरत्या खिळीवर बसवलेल्या छोट्या तोफा. मोठ्या गलबतांवर पक्की पाटणी आणि दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा. आणि खरी गोष्ट म्हणजे वल्ही. चाळीस-पन्नास दणकट वल्ही. वारा असो नसो, माणसांच्या दंडाच्या जोरावर तासाला चार मैल.

आपल्या भाषेत सांगायचं तर गुराब म्हणजे ट्रक आणि गलबत म्हणजे काळी-पिवळी. ट्रकमध्ये माल मावतो, पण तो आपल्या गल्लीत वळत नाही. काळी-पिवळी कुठूनही निघते, पण तिच्यात दहा टन सरकी भरता येत नाही.

मग चांगली कोणती? एवढं ऐकून लोक लगेच बाजू घेतात. तोफा पाहिल्या की गुराब, वेग पाहिला की गलबत. पण कोकणचं पाणी पाहिल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही.

कोकणचा किनारा म्हणजे सरळ रेघ नव्हे. दर काही मैलांवर एक खाडी, खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध, मधे खडक, बेटं. भरतीला दोन पुरुष पाणी असतं तिथे ओहोटीला गुडघाभर चिखल. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. पावसाळा संपला की कोकणात हाच रोजचा कारभार. रात्री-पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा, दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे. आणि एक वारा थांबून दुसरा सुरू होईपर्यंत मधे बराच वेळ वारा पडलेला. शिडं लटकलेली. त्या वेळात शंभर तोफांचं जहाजही ओंडक्यासारखं पडून राहतं.

आता दोन्ही होड्या या पाण्यात उतरवून पाहा. वारा पडला की एकटी गुराब अडकते. मग गलबतं पुढे येतात, गुराबेला दोर लावतात आणि वल्ही मारत तिला ओढत शत्रूच्या मागच्या अंगाला नेऊन ठेवतात, जिथे त्याच्या कडेच्या तोफा पोचत नाहीत. गुराब तिथून आपल्या पुढच्या तोफांनी डोलकाठ्या आणि शिडं तोडते. शत्रू लंगडा झाला की गलबतांतली माणसं हातात तलवारी घेऊन चहूबाजूंनी त्याच्यावर चढतात. ऑर्मने दिलेलं प्रमाण आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं असं आहे. म्हणजे एकाला पाच.

यावरून कळतं की 'गुराब की गलबत' हा प्रश्नच अर्धा होता. दोन्हींची जोडी होती, आणि जोडीतही लहानींची संख्या जास्त होती.

आता खांदेरी पाहू. मुंबई बंदराच्या तोंडाशी, अलिबागजवळच्या थळच्या समोर हे बेट. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस महाराजांनी मायनाक भंडारी यांना माणसं देऊन तिथे पाठवलं आणि किल्ल्याचं काम सुरू झालं. मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. कारण खांदेरीवर मराठे बसले की मुंबईत येणारं-जाणारं प्रत्येक जहाज त्यांच्या डोळ्यांखालून जाणार. इंग्रजांनी शिबाडं पाठवली, मग 'रिव्हेंज' आणि 'हंटर' ही मोठी जहाजं पाठवली. सप्टेंबरमध्ये बेटावर उतरायचा प्रयत्न केला, त्यात त्यांचा एक अधिकारी आणि काही माणसं मेली. मग वेढा घालायचं ठरलं. बेटावर दाणागोटा, दगड, चुना काहीच जाऊ द्यायचं नाही.

वेढा कागदावर पक्का होता. पण मोठी जहाजं खोल पाण्यात नांगर टाकून उभी, आणि थळ-नागावच्या उथळ खाडीतून रात्रीच्या अंधारात मराठ्यांच्या छोट्या होड्या निघायच्या, बेटावर सामान टाकायच्या आणि उजाडायच्या आत परत. जहाजाने शीड चढवून पाठलाग करायचा म्हटलं तर तोवर त्या उथळ पाण्यात शिरलेल्या. तिथे मोठं जहाज गेलं की रुतलं. मुंबईच्या इंग्रजांच्या पत्रांत याच चपळ होड्यांबद्दलची चरफड आहे.

१८ ऑक्टोबर १६७९ ला, ही इंग्रजी कागदातली तारीख, मराठ्यांचं आरमार पहाटे नागावच्या बाजूने एकदम बाहेर आलं. सरदार दौलतखान. होड्या इतक्या झपाट्याने आल्या की नांगरलेल्या इंग्रज जहाजांना नांगर उचलायलाही वेळ मिळाला नाही. 'डव्ह' नावाची इंग्रजांची गुराब मराठ्यांनी पकडली. हो, इंग्रजांकडेही गुराब होती. या पाण्यात आपल्या बांधणीची होडी लागते हे तेही शिकले होते. मात्र त्याच दिवशी कॅप्टन कीग्विनचं 'रिव्हेंज' एकटं उभं राहिलं, आणि त्याच्या तोफांपुढे मराठ्यांच्या होड्यांना मागे फिरून उथळ पाण्यात जावं लागलं. हेही सांगायला हवं. खोल पाण्यात, वारा असताना, मोठ्या जहाजापुढे गलबत टिकत नव्हतं.

पण किल्ला थांबला नाही. सामान जात राहिलं, भिंती वर येत राहिल्या. शेवटी १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी तह केला आणि जहाजं परत नेली. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात आपल्या बाजूचा बागलाणातला साल्हेर आहे आणि ही खांदेरीही आहे. जिंकायचं काय होतं? इंग्रजांचं जहाज बुडवायचं होतं की बेटावर चुना पोचवायचा होता? चुना पोचवायचा होता. त्या कामाला गलबत पुरेसं होतं.

हा सगळा अनुभव पुढे कागदावर आला. रामचंद्रपंत अमात्य यांचं आज्ञापत्र, साधारण १७१५-१६ चं. शिवाजी महाराजांपासूनचा कारभार पाहिलेला माणूस उतारवयात राज्य कसं चालवावं ते सांगतो आहे. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि होडी कोणती निवडावी याचं थेट उत्तर आहे. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत देतो. गुराबा फार मोठ्याही नकोत, फार लहानही नकोत, मध्यम बांधाव्या. गलबतंही तशीच. आणि वाऱ्यावाचून ज्यांचा उपयोग नाही अशी थोरली जहाजं बांधायचं काही कारण नाही. पाच गुराबा आणि पंधरा गलबतं मिळून एक सुभा करावा.

लक्षात घ्या, अमात्यांनी युरोपी मोठी जहाजं पाहिली होती. ती जबरदस्त असतात हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते म्हणतात नको. कारण आपल्या पाण्यात वर्षातले कित्येक तास वारा नसतो, आणि त्या तासांत आपण काय करणार?

अमात्य होडीच्या आकारावर थांबत नाहीत, आणि मला त्यांची हीच गोष्ट सगळ्यात आवडते. त्यांनी खर्चही विचारात घेतला. आरमाराचा खर्च मुलखाच्या ठरलेल्या महसुलातून द्यावा, बंदरावरच्या कमाईवर सोडू नये. का? तसं केलं तर आरमारवाले व्यापाऱ्यांना लुबाडू लागतील आणि व्यापारच बुडेल. दोनदा लुटल्या गेलेल्या पेठेतल्या माणसाने हे वाक्य जरा सावकाश वाचावं. ज्या राज्याने शत्रूच्या पेठा लुटल्या, तेच राज्य आपल्या सावकाराला धक्का लागू नये म्हणून नियम करत होतं.

त्यांनी लाकडाचाही विचार केला. जहाजांना सागवान लागतं, ते राज्याच्या रानातून परवानगीने तोडावं, कमी पडलं तर विकत आणावं. आंबा-फणसाचं लाकूडही जहाजाच्या कामाचं, पण त्याला हात लावू नये. ती झाडं रयतेने लेकरासारखी वर्षानुवर्षं जपलेली असतात. फारच गरज पडली आणि झाड जुनं झालेलं असलं, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावं. पावसाळ्यात आरमार कुठे ठेवावं हेही आहे. दरसाल एकाच बंदरात नको. कारण शेकडो खलाशी एका गावात चार महिने बसले की त्या गावाला त्रास होतो. आणि ठेवायचं ते किल्ल्याच्या आधाराने.

म्हणजे होडी निवडताना त्यांनी विचारलेले प्रश्न साधारण असे. पाणी कुठलं? वारा नसला तर ती चालते का? लाकूड कुठून आणणार आणि दरसाल खर्च कोण देणार? तिच्यामुळे रयतेला त्रास होतो का?

या निवडीने पुढे बरीच वर्षं काम दिलं. कान्होजी आंग्र्यांनी याच गुराबा-गलबतांच्या जोरावर कोकणचा किनारा राखला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले.

मग शेवट कसा झाला? फेब्रुवारी १७५६, विजयदुर्ग. तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरात बांधून ठेवलेलं, होड्या एकमेकींना लागून. इंग्रजांचा एक पेटता गोळा एका जहाजावर पडला. ते जहाज म्हणजे आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेलं 'रिस्टोरेशन'. तिथून आग पसरली आणि आरमार जळून गेलं. समोर ॲडमिरल वॉटसनची जहाजं होती, क्लाइव्ह होता, आणि जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज होती. मराठ्यांचं आरमार संपवायला मराठे इंग्रजांच्या सोबतीला उभे होते. आंग्रे-पेशवे भांडणात चूक कोणाची, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे, तो इथे नको. एवढंच सांगतो की ती होडी समुद्रात हरली नाही. ती दाव्याला बांधलेली असताना जळाली. होडी कितीही योग्य निवडली तरी घरातल्या भांडणाला तिच्याकडे इलाज नसतो.

कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली, आता इंजिनं आली. तर एक ताजं उदाहरण देतो. जगाला शिडाच्या होडीने, एकट्याने, कुठेही न थांबता फेरी मारायची 'गोल्डन ग्लोब' नावाची शर्यत आहे. १९६८-६९ मध्ये पहिल्यांदा झाली आणि रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रजाने जिंकली. त्याची 'सुहेली' ही ३२ फुटी होडी आपल्या मुंबईत, सागवानात बांधलेली. पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, ही शर्यत जुन्या पद्धतीच्या होड्या घेऊन पुन्हा झाली. आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी त्यात उतरले ते 'थुरिया' घेऊन. ही गोव्यात दिवाडी बेटाच्या जहाजखान्यात बांधलेली 'सुहेली'ची प्रतिकृती. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने ती उलथली, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला. फ्रेंच बोटीने त्यांना वाचवलं. त्या शर्यतीत पहिले तिघे आले ते 'रस्लर ३६' नावाच्या एकाच इंग्लिश बनावटीच्या होड्यांतून. २०२२ च्या शर्यतीत टॉमी पुन्हा उतरले, या वेळी 'रस्लर ३६' घेऊन. २३६ दिवसांनी दुसरे आले.

यावरून लगेच 'देशी वाईट, परदेशी चांगली' असा निकाल लावू नका. २०१८ मध्येच सुझी गुडॉल या इंग्लिश मुलीची 'रस्लर ३६' त्याच दक्षिण समुद्रात उलटीपालटी होऊन डोलकाठी गमावून बसली. आणि 'सुहेली'नेच तर ही फेरी जगात पहिल्यांदा पूर्ण केली होती. होडी कुठलीच हमी देत नाही. पण ज्या पाण्यात जायचं त्या पाण्यातला तिचा अनुभव पाहणं, एवढं निवडणाऱ्याच्या हातात असतं. टॉमींच्या पाठीत धातूच्या पट्ट्या घातल्या होत्या, त्या घेऊन हा माणूस परत गेला, हे मात्र होडीचं नव्हे, माणसाचं.

आता मुद्द्यावर येतो. ही पोस्ट मी आज का लिहिली?

वीसेक वर्षं बातम्या करतोय. या काळात आपल्या जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या गावांत मी कितीतरी 'थोरली जहाजं' पाहिली. नावं घेत नाही, तुम्हाला तुमच्या गावातलं आठवेलच. रस्ता झाडायचं मोठं यंत्र, जे मेन रोडवरच फिरतं आणि गल्लीत वळतच नाही. पाणी शुद्ध करायचा प्लँट, ज्याचा पार्ट पुण्याहून यावा लागतो आणि तोवर कुलूप. व्यायामशाळेची परदेशी मशीन, प्लास्टिकसकट पडून. प्रत्येकाचं उद्घाटन मी कव्हर केलं आहे. नारळ फुटले, पेढे वाटले, फोटो छापले. दोन वर्षांनी तिथे कोळ्यांची जाळी. आणि शेतातही तेच. दोन-तीन एकर कपाशीवाल्याने मोठ्या हॉर्सपॉवरचं ट्रॅक्टर कर्जाने घ्यायचं, कारण शेजाऱ्याने घेतलं. ट्रॅक्टर वाईट नाही, कंपनीही वाईट नाही. पाणी चुकीचं निवडलं.

आपल्याकडे चर्चा नेहमी 'चांगलं कोणतं' यावर होते. सभेत दोन कोटेशन येतात, मोठं आणि छोटं. मोठ्यावर जास्त हात वर होतात, कारण मोठं म्हणजे विकास. ते आपल्या गल्लीत चालेल का, लाइट गेली तर काय, बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस तालुक्यात आहे का, तिसऱ्या वर्षीचा खर्च कोणत्या खात्यातून, हे कोणी विचारत नाही. विचारलं तर म्हणतात, पत्रकार आहे, खोडा घालतो.

तर मंडळी, तीनशे वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या अमात्याने हेच विचारलं होतं, आणि त्याला कोणी खोडा घालणारा म्हटलं नाही. त्याने लिहिलं ते राज्याचं धोरण ठरलं. ज्या राज्याकडे पैसा कमी होता, ज्याला शेजारच्या मुलखातून लढून पैसा आणावा लागत होता, त्या राज्याने तो खर्च करताना इतका विचार केला. आपल्याकडे येणारा पैसा कुठून येतो? आपल्याच घरपट्टीतून, पाणीपट्टीतून, आणि काडेपेटीपासून मोटारसायकलपर्यंत प्रत्येक वस्तूवरच्या करातून. कोणी घोड्यावर येऊन नेत नाही एवढाच फरक. नेलेला पैसा कशाला लागला, हे विचारायचा हक्क त्या १६७९ च्या विणकराला नव्हता. आपल्याला आहे.

पुढच्या ग्रामसभेत किंवा पालिकेच्या सभेत काही मोठं घ्यायचा विषय निघाला, तर उठून चारच गोष्टी विचारा. हे आपल्या गल्लीत चालेल का? वारा पडला, म्हणजे लाइट, डिझेल, अनुदान बंद झालं, तर हे चालेल का? दुरुस्ती कोण करणार आणि पैसे कोण देणार? यामुळे कोणाच्या दारातला आंबा तर तुटत नाही ना? चारांची उत्तरं मिळाली तर खुशाल हात वर करा, मीही बातमी छापीन, फोटोसकट.

आणि एक विनंती. धरणगावच्या जुन्या पेठेबद्दल, विणकरांच्या घरांबद्दल, वखारीच्या जागेबद्दल ज्यांच्या घरात काही ऐकीव गोष्टी असतील, जुने दस्त असतील, त्यांनी कमेंटमध्ये लिहा किंवा भेटा. आपल्या आजी-आजोबांकडे जे आहे ते इंग्रजांच्या वखारीच्या वह्यांत सापडायचं नाही. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर तेही लिहा. राम राम.